उमरावसिंह शेरगिल यांची आत्मछायाचित्रे : ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

भारतातील आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात उमरावसिंह शेरगिल (१८७०–१९५४) यांचे नाव येते ते बहुधा एका नात्याच्या आधाराने. चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे वडील, एवढीच त्यांची ओळख दीर्घकाळ पुरेशी मानली गेली. अमृतेच्या चरित्रग्रंथांतून तिच्या बालपणाची, पॅरिसमधील विद्यार्थिदशेची आणि सिमल्यातील घराची छायाचित्रे विपुल छापली गेली. ती बहुतांशी वडिलांनी घेतलेली होती. परंतु मजकुराला पुरावा जोडावा त्याप्रमाणे ती वापरली गेली. ती घेणाऱ्या माणसाला स्वतःचे काही म्हणावयाचे होते काय, हा प्रश्न चरित्रकारांना फारसा पडला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांचे नातू, चित्रकार विवान सुंदरम यांनी हा कौटुंबिक संग्रह लोकांसमोर आणला, तेव्हा एक गोष्ट प्रथमच ठळकपणे दिसून आली. कन्येइतकेच, किंबहुना कन्येहूनही अधिक काळ, उमरावसिंहांनी स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर बसविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत, सुमारे अर्धशतक, हा मनुष्य स्वतःचे छायाचित्र पुनःपुन्हा घेत राहिला.

या छायाचित्रांकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या आहेत. एका मताप्रमाणे हा सुखवस्तू जमीनदाराचा छंद होय. दुसऱ्या मताप्रमाणे ही आत्ममग्नता होय. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. छंद एवढा दीर्घकाळ एकाच विषयाला चिकटून राहत नाही; आणि आत्ममग्न मनुष्य स्वतःची एकच आवडती प्रतिमा शोधतो व ती सापडली की थांबतो. उमरावसिंह थांबले नाहीत. त्यांची प्रतिमा कधीच निश्चित झाली नाही, आणि ती का झाली नाही याचे उत्तर त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या इतिहासात अधिक सापडते.

स्वतःचे छायाचित्र घेणे ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८४० मध्ये फ्रान्समधील इपोलित बायार याने आपण बुडून मेलो आहोत असा देखावा करून स्वतःचे छायाचित्र घेतले. छायाचित्रणाच्या शोधाचे श्रेय दागेरला मिळाले व आपल्याला डावलले गेले, ही त्याची तक्रार होती. माध्यम जन्मास येऊन फार काळ लोटला नाही तोच त्याच्या साहाय्याने एका मनुष्याने स्वतःविषयी एक सूचक असत्य सांगितले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हिंदुस्थानात हे तंत्र लवकरच आले. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक प्रमुख भारतीय छायाचित्रकार होते. तथापि या देशात कॅमेऱ्याचा फार मोठा वापर झाला तो दुसऱ्यांचे वर्णन करण्यासाठी. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्याचे ठळक उदाहरण. त्यात जातिजमातींचे नमुने आहेत; शीख आहेत, राजपूत आहेत, पण ‘मी’ म्हणणारा कोणी नाही. एमिल बाँव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने व्याकरणातील तृतीय पुरुष हा वस्तुतः ‘पुरुष’च नव्हे, ज्याच्याविषयी बोलले जाते पण जो संवादात भाग घेत नाही तो होय, असे प्रतिपादन केले आहे. वासाहतिक छायाचित्रण हे या अर्थाने तृतीय पुरुषाचे छायाचित्रण होते.

त्याला अपवाद होते. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह (दुसरे) यांनी १८८० मध्ये त्यांचे निधन होण्यापूर्वी स्वतःची अनेक छायाचित्रे घेतली. त्यांत शिवभक्ताच्या पूजावेषातील छायाचित्रेही आहेत. परंतु राजाचा ‘मी’ हा सिंहासनाचा ‘मी’ असतो. वेष बदलला तरी आपण कोण आहोत याविषयी त्याला किंवा प्रजेला संदेह नसतो. उमरावसिंहांना सिंहासन नव्हते. त्यांच्याजवळ जे होते ते असे होते की, त्यातील प्रत्येक गोष्ट दुसरीशी भांडत होती.

त्यांचे घराणे अमृतसर जिल्ह्यातील मजिठा या गावचे. वडील राजा सुरतसिंह हे दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धात इंग्रजांविरुद्ध लढले आणि पंजाब खालसा झाल्यावर त्यांना बनारसला स्थानबद्ध करण्यात आले. १८५७ मध्ये त्याच सुरतसिंहांनी बनारसमध्ये इंग्रजांना साहाय्य केले, आणि त्याचे फळ म्हणून त्यांना गोरखपूर भागात जहागीर मिळाली. म्हणजे घराण्याची संपत्ती बंडखोराला झालेली शिक्षा आणि राजनिष्ठेला मिळालेले बक्षीस या दोहोंतून उभी राहिली होती. सुरतसिंहांच्या मृत्यूनंतर त्यांच्या दोन मुलांनी दोन वाटा धरल्या. धाकटे सुंदरसिंह यांनी सार्वजनिक जीवन पत्करले. चीफ खालसा दिवाणाचे ते नेते झाले, पंजाब सरकारात महसूल खाते त्यांच्याकडे आले, सरकारने त्यांना ‘सर’ केले. थोरले उमरावसिंह ग्रंथांकडे वळले. संस्कृत व फारसी यांचा त्यांनी सखोल व्यासंग केला, योगाभ्यास केला, कवी मुहम्मद इक्बाल यांच्याशी त्यांची मैत्री होती. राजकीय बाबतीत त्यांची सहानुभूती राष्ट्रवादी गटांकडे असल्याचा सरकारला संशय होता.

या दोन भावांच्या आडनावांतील भेद भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. सुंदरसिंह ‘मजिठिया’ म्हणून ओळखले गेले, म्हणजे मजिठ्याचे. आपल्याकडील ‘कर’प्रत्ययान्त आडनावांसारखीच ही रचना, ती गाव सांगते, आणि गावाबरोबर जमीन, हक्क आणि दरबारातील जागाही सांगते. उमरावसिंहांनी लावले ते कुळाचे नाव, शेरगिल. कुळ कोठेही नेता येते. गाव नेता येत नाही. ज्या मनुष्याचे पुढील आयुष्य लाहोर, बुडापेस्ट, सिमला, पॅरिस, गोरखपूरजवळील सराया आणि दिल्ली असे विखुरले गेले, त्याने स्थलवाचक नावाऐवजी कुलवाचक नाव पसंत करावे यात योगायोगाचा भाग असेलही. पण नाव ही माणसाने स्वतःविषयी केलेली सर्वांत लहान विधाने असतात, आणि त्यांची निवड निरर्थक नसते.

आता प्रत्यक्ष छायाचित्रांकडे वळावे. त्यांत फेटा बांधलेले, भारदस्त वेषातील सरदार उमरावसिंह आहेत. पाश्चात्त्य पोषाखातील आहेत. पुस्तकांच्या राशीत बसलेले पंडित आहेत. आणि उघड्या अंगाचे, केवळ लंगोट नेसलेले, लांब केस मोकळे सोडलेले योगीही आहेत. ही शेवटची छायाचित्रे पाहणाऱ्यास सर्वांत अधिक अस्वस्थ करतात. केशधारी शिखाचे केस ही त्याच्या धर्माची खूण होय. पण ती खूण चारचौघांत फेट्याखाली झाकलेली असते. मोकळे केस घरात, स्नानानंतर, आप्तांसमोर दिसावयाचे. उमरावसिंह ते कॅमेऱ्यासमोर मोकळे करतात. तसे करताना ते शीख म्हणून अधिक शीख दिसत नाहीत, तर तपस्वी दिसतात. काही छायाचित्रांत दाढीमुळे व साध्या वस्त्रांमुळे रशियातील एखाद्या वृद्ध विचारवंताची आठवण होते. धर्माची खूण उघडी करताच ती धर्मापलीकडे जाते, हे या छायाचित्रांतील विलक्षण वळण होय.

याला वेषांतर म्हणता येईल काय? वेषांतरात मूळ रूप एक असते व वरचे आवरण बदलते. येथे मूळ कोणते? फेटा बांधलेला उमरावसिंह खरा आणि लंगोट नेसलेला खोटा, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी योगाभ्यास खरोखरच केला, उपवास खरोखरच केले, पुस्तके खरोखरच वाचली. या ठिकाणी सर्वनामाचा दृष्टान्त उपयोगी पडतो. येस्पर्सन यांनी ‘शिफ्टर’ ही संज्ञा वापरली व १९५७ मध्ये रोमान याकोब्सन यांनी तिचे विवेचन केले. ‘मी’ हा शब्द कोणा एकाचे नाव नाही. जो बोलतो आणि ज्या क्षणी बोलतो, त्यानुसार त्याचा अर्थ ठरतो. ‘घोडा’ या शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, ‘मी’चा अर्थ केवळ उच्चारात सापडतो. उमरावसिंहांची आत्मछायाचित्रे अशा उच्चारांची मालिका आहे. त्यातील कोणतेही एक छायाचित्र उचलून ‘हे खरे उमरावसिंह’ असे म्हणणे म्हणजे एका वाक्यातील ‘मी’ उचलून कोशात घालण्यासारखे होईल.

परंतु दृष्टान्ताला येथे एक मर्यादाही आहे. ‘मी’ म्हणावयास श्वास पुरतो. काचेच्या निगेटिव्हवर ‘मी’ म्हणावयास बराच खटाटोप लागतो. त्या काळी स्वतःचे छायाचित्र घेणाऱ्यास तिपाई उभी करावी लागे, आपण जेथे बसणार तेथे एखादी वस्तू ठेवून भिंग जुळवावे लागे, प्लेट घालून मग कॅमेऱ्यापासून दूर जाऊन जागेवर बसावे लागे, आणि रबरी नळीच्या फुग्याने किंवा दुसऱ्या कोणाच्या हाताने कळ दाबावी लागे. छायाचित्रकाराने आपली जागा सोडून छायाचित्राच्या विषयाची जागा घ्यावयाची, आणि तरीही निर्णय आपल्याच हाती ठेवावयाचा, असा हा व्यवहार आहे. कळ दाबणारी बोटे पत्नीची किंवा कन्येची असतील तर कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न उरतोच. कौटुंबिक छायाचित्रणात तो कधीच पूर्णपणे सुटत नाही, आणि येथेच ‘मी’कडून ‘आम्ही’कडे जाण्याची वाट सुरू होते.

उमरावसिंहांची पहिली पत्नी १९०७ मध्ये निवर्तली. त्यानंतर लाहोरमध्ये त्यांची गाठ मेरी अँटोनेट गॉट्समन या हंगेरियन युवतीशी पडली. महाराजा रणजितसिंह यांची नात आणि पदच्युत महाराजा दुलीपसिंह यांची कन्या राजकन्या बंबा यांच्यासमवेत ती हिंदुस्थानात आली होती. संगीत हा तिच्या शिक्षणाचा विषय होता. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी लाहोर येथे त्यांचा शीख पद्धतीने विवाह झाला. पतिपत्नी आरशासमोर आहेत असे एक छायाचित्र त्या काळातले आहे. आरशामुळे पाहणारा आणि पाहिला जाणारा यांतील अंतर नाहीसे होते, आणि छायाचित्रकाराला पत्नीच्या शेजारी राहूनच छायाचित्र घेता येते. संस्कृतज्ञ उमरावसिंहांच्या संदर्भात येथे ‘आवाम्’ या द्विवचनी सर्वनामाची आठवण होते. मराठीने, पंजाबीने आणि युरोपातील बहुतेक भाषांनी गमावलेले हे रूप ‘आम्ही दोघेच, तिसरा नाही’ असे सांगते. या एका छायाचित्रात ते जणू जिवंत आहे. पुढील छायाचित्रांत ते टिकत नाही.

नवविवाहित दांपत्य हंगेरीस गेले. ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे अमृतेचा जन्म झाला, मार्च १९१४ मध्ये इंदिरेचा. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचा हिंदी प्रजाजन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या, म्हणजे शत्रूच्या, प्रदेशात अडकून पडला. आणि आपल्या राष्ट्रवादी ओळखीपाळखींमुळे स्वतःच्या सरकारच्याही नजरेत संशयित ठरला. युद्ध, राजेशाहीचा अस्त, १९१९ मधील बेला कुन यांचे अल्पजीवी साम्यवादी शासन आणि त्यानंतरची प्रतिक्रिया हे सारे या कुटुंबाने हंगेरीतच पाहिले. १९२१ मध्ये ते भारतात परतले आणि सिमल्याच्या समर हिल भागात स्थायिक झाले. ही वर्षे छायाचित्रांच्या दृष्टीने समृद्ध आहेत. दोन मुली वाढताना दिसतात, कधी युरोपीय वेषात, कधी भारतीय. आई सजलेली दिसते. घरातील पडदे, पियानो, गालिचे दिसतात. बाहेर साम्राज्ये कोसळत होती याची खूण त्यांत क्वचितच सापडते. घर हाच देश असल्याप्रमाणे त्याच्या सीमा आखल्या गेल्या आहेत.

मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामील होतो. गुजरातीत हा भेद आहे. पंजाबीतही ‘असीं’च्या जोडीला ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपां’ आहे. आर्य भाषांच्या या विशेषाचा संबंध अनेक अभ्यासक द्राविड भाषांच्या सान्निध्याशी जोडतात. हंगेरियन किंवा फ्रेंच भाषेत हा भेद व्याकरणाने होत नाही. विशेष असे की, ‘आपण’ हे सर्वनाम संस्कृत ‘आत्मन्’पासून आलेले आहे, स्वतः असा त्याचा मूळ अर्थ, आणि दुसऱ्याला सामील करून घेणारे ‘आपण’ही तेच. स्व आणि स्वकीय यांना एकच शब्द असणे ही या भाषांनी केलेली मोठीच सोय आहे. उमरावसिंहांच्या कौटुंबिक छायाचित्रांना हा भेद लावून पाहिला असता त्यांतील ताण ध्यानात येतो. ही छायाचित्रे कोणाला उद्देशून आहेत? मजिठ्याच्या आप्तांना दाखविताना ती ‘आम्ही’ आहेत. बुडापेस्टच्या सासुरवाडीला दाखवितानाही ‘आम्ही’च. दोन्ही घराण्यांना एकाच वेळी ‘आपण’ म्हणता येईल असा प्रेक्षक त्या काळी जवळपास नव्हताच. असला तर तो घरातच होता. जी माणसे छायाचित्रांत होती तीच ती पाहणारीही होती. मेरी अँटोनेटचे बंधू एर्विन बाक्ताय हे चित्रकार व भारतविद्येचे अभ्यासक असल्यामुळे या वर्तुळात येऊ शकले. पण असे थोडेच. प्रसिद्ध झालेल्या निवडक छायाचित्रांत उमरावसिंहांच्या पहिल्या विवाहाच्या अपत्यांपेक्षा या दुसऱ्या कुटुंबाचेच दर्शन प्राधान्याने घडते, हेही नमूद केले पाहिजे. प्रत्येक ‘आपण’ कोणाला तरी बाहेर ठेवूनच उभे राहते.

१९२९ मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी कुटुंब पॅरिसला गेले आणि १९३४ पर्यंत तेथे राहिले. अमृता एकोल दे बोझार येथे ल्युसियँ सिमाँ यांची विद्यार्थिनी झाली. ‘यंग गर्ल्स’ या १९३२ च्या चित्राने तिला नाव मिळवून दिले. वडिलांच्या कॅमेऱ्यासमोर ती या वर्षांत सतत दिसते. कधी साडीत, कधी पाश्चात्त्य वेषात, नेहमीच आपण पाहिल्या जात आहोत याची पूर्ण जाणीव असलेली. ती स्वतःही याच काळात आत्मचित्रांमागून आत्मचित्रे रंगवीत होती. १९३४ मधील ‘ताहिती स्त्रीच्या रूपातील आत्मचित्र’ हे त्यांतील सर्वांत धीट. गोगँच्या चित्रांतील पाहिल्या गेलेल्या स्त्रीची जागा तिने स्वतः घेतली, मात्र कुंचला हातातून सोडला नाही. छायाचित्रकाराने कॅमेऱ्यामागून उठून कॅमेऱ्यासमोर बसावे, हाच हा व्यवहार. तो तिने घरातच, वडिलांच्या कृतीतून पाहिलेला होता. अमृतेवरील युरोपीय प्रभावांची चर्चा विपुल झाली आहे. सेझान, गोगँ, हंगेरियन चित्रकार यांची नावे घेतली जातात. पित्याच्या काचेच्या निगेटिव्हचे नाव त्या यादीत क्वचित येते. ते यावयास हवे.

परंतु हे नाते केवळ प्रेरणेचे होते असे म्हटल्यास ते खोटे ठरेल. १९३४ मध्ये अमृतेने भारतात परतण्याचा निश्चय केला तेव्हा वडिलांनीच विरोध दर्शविला. मुलीच्या स्वैर वागणुकीमुळे घराण्याच्या नावाला बट्टा लागेल, ही त्यांची भीती होती. मुलीने सप्टेंबरमध्ये बुडापेस्टहून लिहिलेल्या पत्रात त्याविषयी आपले दुःख स्पष्ट बोलून दाखविले. स्वतःच्या घरात भारत आणि युरोप एकत्र आणणारा हा मनुष्य मुलीला मात्र भारतात जागा नाही असे सुचवीत होता. छायाचित्रात लंगोट नेसून, केस मोकळे सोडून बसण्याचे स्वातंत्र्य ज्याने स्वतःला दिले, तो मजिठ्याच्या प्रतिष्ठेचा विचार सोडू शकला नव्हता. छायाचित्र बंद पेटीत राहते. मुलगी सिमल्याच्या रस्त्यावर फिरणार होती. हा विरोध दडवून ठेवला की उमरावसिंह केवळ एक मनोहर, स्वप्नाळू पंडित उरतात आणि आत्मछायाचित्रांची गरजच कळेनाशी होते. ज्या गोष्टी जगण्यात एकत्र नांदू शकत नव्हत्या त्यांनाच काचेवर शेजारी शेजारी जागा मिळत होती.

त्याहूनही बोलकी घटना १९३८ मधील. अमृता त्या वेळी हंगेरीत होती. तिच्या अनुपस्थितीत आईवडिलांनी सिमल्याच्या घरातील तिची खासगी पत्रे जाळून टाकली. जवाहरलाल नेहरूंची पत्रेही त्यांत होती. मुलीने वडिलांना लिहिलेले त्याविषयीचे पत्र उपलब्ध आहे. त्यातील उपरोध बोचरा आहे. ज्यांनी एकही निगेटिव्ह सहसा फेकली नाही त्यांनी पत्रे जाळली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कौटुंबिक दप्तरासमोर बसताना ही गोष्ट विसरू नये. जे उरते ते निवडीने उरते; आणि येथे निवड करणाराच मुख्य साक्षीदार आहे. शेरगिल कुटुंबाची दृश्य स्मृती इतकी भरघोस आहे याचे एक कारण असे की, त्याच हातांनी लिखित स्मृतीचा एक भाग नाहीसा केला. छायाचित्रातील अमृता वडिलांनी मांडलेली होती. पत्रांतील अमृतेवर त्यांचा अधिकार चालत नव्हता.

मुंबईशी या कथेचा संबंध अमृतेमार्फत येतो. १९३६ च्या अखेरीस ती प्रदर्शनासाठी मुंबईस आली, कार्ल खंडालावाला यांच्याशी तिचा स्नेह जुळला, अजिंठा-वेरूळच्या लेण्यांनी तिच्या रेखनाला नवे वळण दिले. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. या चित्रातील मुली प्रेक्षकाकडे पाहत नाहीत. वडिलांच्या छायाचित्रांत वाढलेली, कॅमेऱ्याच्या नजरेला नजर देण्यात तरबेज असलेली अमृता आपल्या प्रौढ चित्रांत माणसांना नजर खाली वळविण्यास मुभा देते, याला काही अर्थ असावा.

५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोर येथे, प्रदर्शनाच्या तयारीत असताना, अमृता अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू पावली. १९४७ मध्ये ते लाहोर परदेश झाले. १९४८ मध्ये मेरी अँटोनेट यांनी सिमला येथे स्वतःच्या जीवनाचा शेवट करून घेतला. या वर्षांतही उमरावसिंह कॅमेऱ्यासमोर बसत राहिले. वृद्ध, कृश, शुभ्र दाढीचा, ग्रंथ आणि कागद यांत बसलेला मनुष्य आपल्याला दिसतो. पुढे त्यांच्या छायाचित्रांच्या संग्रहाला जे शीर्षक देण्यात आले त्याचा अर्थ ‘त्याचे दुःख आणि त्याचे हस्तलिखित’ असा होतो. त्यातील सर्वनाम तृतीय पुरुषी आहे, हे लक्षात घ्यावे. आयुष्यभर प्रथम पुरुषी प्रतिमा निर्माण केलेल्या मनुष्याचे वर्णन अखेर ‘तो’ या शब्दाने व्हावे यात काही अनुचित नाही. पेटलेल्या कुटुंबातून जो एकटा उरतो त्याला ‘आपण’ म्हणावयास कोणी राहत नाही, आणि उरलेल्या ‘मी’कडे तो बाहेरून पाहू लागतो.

विवान सुंदरम (१९४३–२०२३) हे इंदिरेचे पुत्र. आजोबा वारले तेव्हा त्यांचे वय अकरा वर्षांचे होते. बडोदा व लंडन येथे शिक्षण घेतलेल्या या चित्रकाराने १९८३–८४ मध्ये ‘शेरगिल कुटुंब’ हे तैलचित्र रंगविले; १९९५ मध्ये बुडापेस्ट येथे कुटुंबाच्या संग्रहावर आधारलेली मांडणी केली; आणि २००१–०२ मध्ये ‘रिटेक ऑफ अमृता’ ही मालिका पूर्ण केली. या मालिकेत आजोबांची छायाचित्रे आणि मावशीची चित्रे संगणकावर एकमेकांत मिसळलेली आहेत. निरनिराळ्या सालांची आणि निरनिराळ्या गावांची माणसे एकाच खोलीत उभी राहतात. एका आरशात दुसऱ्या काळातील चेहरा दिसतो. बाप, आई आणि मुली अशा निकट येतात की, तसे निकट त्या प्रत्यक्षात कधी आल्या होत्या की नाही हे सांगता येऊ नये. २००७ मध्ये आर्ल येथील छायाचित्र महोत्सवात उमरावसिंहांची मूळ छायाचित्रे मांडली गेली आणि पुढच्या वर्षी दीपक अनंत व विवान सुंदरम यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. छायाचित्रकार म्हणून उमरावसिंहांचा विचार खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला.

‘रिटेक’विषयी आक्षेप घेतला जातो तो असा की, दस्तऐवजात फेरफार करणे हे इतिहासाशी प्रामाणिक नाही. आक्षेप रास्त आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी घेतला जातो. उमरावसिंहांची मूळ छायाचित्रेही मांडलेलीच होती; आरसा, पोषाख, बैठक ही सारी त्यांचीच योजना. नातवाने योजनेवर योजना केली, आणि ती उघडपणे केली, जोड दिसेल अशी. खरी अडचण वेगळी आहे. या मालिकेने आजोबांच्या छायाचित्रांचा वक्ता बदलला. मुळात ‘मी’ म्हणणारे उमरावसिंह होते. आता ‘आपण’ म्हणणारा नातू आहे, आणि त्याच्या त्या ‘आपण’मध्ये आजोबा, आजी, आई, मावशी यांच्याबरोबर प्रेक्षकही ओढला जातो. तिची मोहिनी एवढी आहे की, आज अनेक अभ्यासक उमरावसिंहांचे मूळ छायाचित्र समोर असतानाही त्यात ‘रिटेक’मधील अमृतेची सावली पाहतात. अशा वाचनात बाप-लेकीच्या नात्याचे गूढ वाढत जाते आणि १९३४ चे पत्र, जाळलेली टपालाची पाकिटे, मजिठ्याची प्रतिष्ठा, जप्तीची भीती या साध्या, कठीण गोष्टी मागे पडतात.

यावर उपाय एकच दिसतो, आणि तो कंटाळवाणा आहे : छायाचित्रे पुन्हा सुटी करणे. प्रत्येक निगेटिव्हची तारीख, ठिकाण, त्यावरील नोंद, आणि त्या दिवशी कुटुंब कोठे व कोणत्या स्थितीत होते याची जुळणी करणे. मोकळ्या केसांचे एखादे छायाचित्र लाहोरचे की पॅरिसचे यावरून त्याचा अर्थ बदलतो. लाहोरात तो एका सरदाराचा खासगी तपस्वीपणा ठरेल, तर पॅरिसमध्ये, जेथे पौर्वात्य साधूचे चित्र युरोपीय मनात आधीच तयार होते, तेथे तो त्या चित्राशी केलेला संवाद किंवा त्याची थट्टाही असू शकेल. स्टिरिओस्कोपसाठी घेतलेली जोडछायाचित्रे तर या दृष्टीने अजून फारशी वाचलीच गेलेली नाहीत. दोन भिंगांतून किंचित वेगळ्या दिसणाऱ्या दोन प्रतिमा डोळ्यांसमोर धरल्या म्हणजे मध्ये एक भरीव देह उभा राहतो. छापील पुस्तकात त्यांपैकी एकच छापली जाते.